बेल्ट बदलण्याआधी स्प्रिंग बघा

गेल्या फेब्रुवारीत कॅनडात, रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर मी माझ्या स्लेडचे, म्हणजे स्नोमोबाइलचे, एका दुपारी दोन बेल्ट बदलले. दोन्ही बदलायची गरज नव्हती. स्लेड चढावर दमत होती, इंजिनचा आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर ८,००० च्या ऐवजी ७,२०० वर अडकत होता, रबर जळाल्याचा वास येत होता. मग काय, बेल्टच गेला असणार! नवा घातला, शंभर मीटर गेले, पुन्हा तेच. सोबतचा पंजाबी मित्र शेवटी म्हणाला, "दीदी, टॉर्च मारके अंदर तो देखो." क्लचच्या झाकणाच्या फटीतून उजेड पाडला तर आतल्या स्प्रिंगचे दोन तुकडे, एकमेकांत स्क्रूसारखे घुसून बसलेले.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचं लेथचं दुकान होतं, त्यामुळे स्प्रिंग तुटलेली ओळखायला इतका वेळ लागला याची लाज जास्त वाटली. आता कॅल्गरीत राहते. हिवाळ्यात शनिवारी रॉजर्स पासचा घाट ओलांडून चारशे किलोमीटर गाडी हाणत रेव्हलस्टोकला जायचं, हा नाद लागलाय. अल्बर्टा आणि बीसीत (ब्रिटिश कोलंबियात) स्लेड चालवणारी मराठी माणसं हळूहळू भेटू लागलीत, तेव्हा हे त्यांच्यासाठी.

ज्यांनी कायनेटिक होंडा किंवा अ‍ॅक्टिव्हाचं डावीकडचं कव्हर उघडलेलं बघितलंय त्यांना निम्मं आधीच समजलंय. दोन पुली, मध्ये बेल्ट. फरक एवढाच की स्कूटरला मागच्या पुलीजवळ वेगळा क्लच असतो, स्लेडला नसतो. क्रँकवरची पुढची पुली, म्हणजे प्रायमरी, हाच क्लच. इंजिन आयडलवर असताना स्प्रिंग प्रायमरीच्या दोन चकत्या लांब ठेवते आणि बेल्ट मध्ये सैल पडून राहतो. रेस दिली की आतली वजनं बाहेर फेकली जातात, रोलरवर रेटा देतात, स्प्रिंगला हरवून चकती सरकवतात आणि बेल्ट चिमटीत धरला जातो. नव्या स्प्रिंगच्या पाकिटावर १४०/३३० असे दोन आकडे असतात ते पौंडातले: पहिला झाकण बसल्यावर सुरुवातीचा जोर, दुसरा चकत्या पूर्ण मिटल्यावरचा.

स्प्रिंग तुटली की ती नाहीशी होत नाही, एखाद्या वेढ्याने आखूड होते. घोळ इथेच आहे. क्लच चालतो, पण लवकर पकडतो. माझी स्लेड एरवी ३,७०० च्या आसपास पकडते, त्या दिवशी २,६०० लाच ओढायला लागली होती. आयडलवर पुढे सरकायची, ब्रेक धरून उभी केली की बेल्ट चिरकायचा. मी म्हटलं थंडी आहे, चालायचंच. चढावर मग क्लच वरच्या गिअरला (बेल्ट प्रायमरीच्या बाहेरच्या कडेला) आधीच जाऊन बसतो आणि इंजिन दबतं. शिवाय तुकडा आत फिरत असेल तर बारीक खडखड आणि थरथर येते. एवढी लक्षणं एकत्र दिसली तर बेल्टला हात लावायच्या आधी टॉर्च काढा.

थांबायचं कुठे, हे मात्र पान्ह्याच्या आधी ठरवा. उताराच्या पायथ्याशी, वर बर्फाचा लोंबता कठडा असलेल्या जागी दुरुस्ती करत बसायचं नाही. हिमस्खलन तुमच्या क्लचची वाट बघत नाही. ट्रान्सिव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) अंगावरच ठेवायचा, अंगावेगळ्या जॅकेटच्या खिशात नाही. स्लेड सरकत असेल तर हळू झाडीत किंवा सपाट पठारावर आणा, किल स्विच दाबा, किल्ली काढून खिशात घाला.

पुढचं सगळं अशा प्रायमरीबद्दल आहे जिचं झाकण बाहेरून सहा स्क्रूंनी बसतं आणि क्लच इंजिनवर असतानाच उघडतं. काही बनावटींना पुलर (क्लच ओढून काढायचं हत्यार) किंवा खास दाबयंत्र लागतं. तुमची तशी असेल तर डोंगरात उघडायच्या फंदात पडू नका.

बेल्ट काढा. जॅकेट किंवा ताडपत्री क्लचखाली पसरा. मी आळस केला आणि चौथा स्क्रू बर्फात पडला. पडला तिथे पेन्सिलीएवढं भोक दिसत होतं, आत निळसर उजेड, आणि स्क्रू कोपरभर खोल गेलेला. हात घातला तर भोक ढासळलं. चुंबकाच्या दांडीने वीस मिनिटांनी सापडला. उणे अठराला उघड्या बोटांना धातू चिकटतो, म्हणून आतले पातळ हातमोजे काढायचे नाहीत.

उघडण्याआधी झाकण, रोलर धरणारा मधला स्पायडर आणि चकती यांवरून एक सरळ रेघ मार्करने ओढा. हे भाग एकत्र समतोल केलेले असतात, झाकण एक घर फिरून बसलं तर पुढे नुसती थरथर. मग स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. दुसऱ्याला तळव्याने झाकण दाबून धरायला सांगा. चष्मा हवाच, आणि तोंड झाकणाच्या समोर आणू नका.

तुटलेली स्प्रिंग इथे फसवते. झाकण अगदी अलगद निघतं आणि वाटतं, एवढंच होय! खरा जोर नवी बसवताना. १४० पौंड म्हणजे साठ किलोच्या वर, तेही झाकण वाकडं न होऊ देता. मी पिशवीत दोन लांब स्क्रू ठेवते, त्याच आट्यांचे. समोरासमोरच्या भोकांत ते आधी लावायचे, आळीपाळीने आवळत झाकण खाली आणायचं, उरलेल्या चारांत मूळ स्क्रू बसले की लांब काढून मूळ घालायचे. आटे अॅल्युमिनियमचे आहेत, हाताच्या जोरावर भरवसा नको. घरी आल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या मापाला) पुन्हा तपासा.

जुने तुकडे फेकण्याआधी जुळवून बघा. तुटलेली तोंडं एकमेकांत बसली पाहिजेत. मध्ये चिमटीएवढा जरी तुकडा कमी असला तरी तो आत रोलरखाली आहे असं समजा आणि शोधा. माझ्या स्प्रिंगच्या तोंडावर अर्ध्या भागात जुनी काळी चीर होती, अर्धा भाग ताजा चकचकीत. म्हणजे ती महिनाभर तरी तुटतच होती. त्याच जागी बाहेरून गंजाचा एक खड्डा. बाबा स्प्रिंग हातात घेऊन नख फिरवायचे, नख अडलं की बाजूला ठेवायचे. ते का, ते मला रेव्हलस्टोकला कळलं.

आत रोलर, वजनांच्या पिना आणि झाकणातलं बुश बघा. काळी भुकटी कोरड्या फडक्याने पुसा. तेल, ग्रीस, स्प्रे काही मारायचं नाही, हा क्लच कोरडाच चालतो.

जवळ स्प्रिंग नसेल तर? तुकडे एकमेकांतून सोडवा, तोंडाला तोंड लावून परत बसवा आणि सपाटीने, हळू, रेस न मारता खाली या. इंजिन चालू करताना पुढे कुणी उभं नको, स्लेड झेप घेऊ शकते. तुकडे चुरा झाले असतील तर बेल्ट काढून दोरीने ओढून आणा. बेल्ट काढून इंजिन मात्र चालवायचं नाही.

सेकंडरीची, म्हणजे मागच्या पुलीची, स्प्रिंगही तुटते. तेव्हा बेल्ट घसरतो, चढावर खालचा गिअर पुन्हा सापडत नाही, पण आयडलवर सरकणं नसतं. जुन्या बनावटीत ती पिळून बसवलेली असते, उघडताना कॅम फिरून बोटांवर बसतो. ते काम गॅरेजमध्ये करा.

मी आता प्रायमरीची स्प्रिंग दर दीड हजार किलोमीटरला बदलते. नवा बेल्ट सहज दोनशे डॉलरला पडतो, स्प्रिंग त्याच्या चौथाईत येते. काढलेली जुनी शाबूत असेल तर तेलकट फडक्यात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत, घालण्याआधी कोरडी पुसायची. आणि बदलल्यावर क्लचवरचं गार्ड लावून, सपाटीवर, अगदी हळू रेस देत स्लेड किती आरपीएमला पकडते ते बघून साइड पॅनेलच्या आत टेपवर लिहून ठेवते. माझ्या टेपवर आत्ता ३,७५० आहे. पुढच्या शनिवारी ३,२०० दिसले तर वर चढायच्या आधी पार्किंगमध्येच टॉर्च काढेन.