त्रिमितीय शहरी डेटाचे व्हॉक्सेल मॉडेल करताना या चुका टाळा

शहराचा त्रिमितीय डेटा व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे छोट्या घनाकार ठोकळ्यांच्या ग्रिडमध्ये, बदलताना रूपांतर बिघडले की बहुतेकांचा हात आधी व्हॉक्सेलच्या आकाराकडे जातो. वास्तविक दोष बहुधा मूळ डेटात असतो आणि बारीक ग्रिडमध्ये तोच दोष अधिक ठसठशीत उमटतो. त्याची किंमतही जबर असते: एक चौरस किलोमीटर क्षेत्र आणि 100 मीटर उंचीसाठी 1 मीटरच्या ग्रिडमध्ये 10 कोटी व्हॉक्सेल होतात, तर 0.5 मीटरच्या ग्रिडमध्ये 80 कोटी.

पहिली तपासणी निर्देशांकांची करावी. अक्षांश-रेखांश अंशांत असताना उंची मीटरमध्ये ठेवून ग्रिड आखल्यास संपूर्ण शहर एका व्हॉक्सेलच्या उभ्या स्तंभात गोळा होते. म्हणून डेटा आधी यूटीएमसारख्या मीटरमधील नकाशा-प्रक्षेपणात आणावा. ईपीएसजी 4326 या अक्षांश-रेखांशांच्या प्रचलित प्रणालीच्या व्याख्येत अक्षांश आधी येतो, मात्र अनेक प्रोग्रॅम रेखांश आधी धरतात, हेही ध्यानात ठेवावे. यूटीएममधील उत्तर निर्देशांक 50 लाखांच्या घरात असेल, तर 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्या मर्यादित अचूकतेने साठवण्याच्या प्रकारात) लगतच्या दोन संख्यांमधील अंतरच 0.5 मीटर असते, त्यामुळे भिंती दातेरी दिसू लागतात. स्थानिक आरंभबिंदू वजा करूनच आकडे फ्लोटमध्ये न्यावेत. इमारती जमिनीपासून सारख्याच अंतराने तरंगत किंवा रुतलेल्या दिसल्या, तर भूपृष्ठाची उंची समुद्रसपाटीपासून आणि इमारतींची लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली आहे का, ते पाहावे.

सर्वाधिक वेळ खाणारा दोष म्हणजे बंद नसलेले पृष्ठभाग. आतला भाग भरण्यासाठी सामान्यतः किरण सोडून छेद मोजले जातात: विषम छेद म्हणजे आत, सम म्हणजे बाहेर. सिटीजीएमएल या त्रिमितीय शहर-मॉडेलच्या फाइल-स्वरूपातील एखाद्या इमारतीची एक भिंत गहाळ असेल, तर ही मोजणी चुकते आणि इमारतीतून निघालेली व्हॉक्सेलची सरळ पट्टी थेट ग्रिडच्या कडेपर्यंत जाते. अशी पट्टी दिसली, की ती जिथून सुरू होते तिथला पृष्ठभाग तपासावा. नंतर व्हॉक्सेल खरवडून काढणे हा उपाय नव्हे. व्हॅलथ्रीडिटीसारख्या त्रिमितीय भूमितीतील दोष शोधणाऱ्या साधनाने भूमिती आधीच तपासून घेतलेली बरी. मात्र इमारत निर्दोष असूनही पट्ट्या येत असतील, तर किरण नेमका त्रिकोणाच्या कडेवरून जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी किरणाचा आरंभ किंचित सरकवावा किंवा तीन दिशांनी मोजून बहुमत घ्यावे.

एलओडी 2 मध्ये, म्हणजे छताचा आकार दाखवणाऱ्या तपशील-पातळीत, भिंतींना जाडी नसते आणि छताच्या वळचणी अनेकदा एकेरी पृष्ठभाग असतात. केवळ व्हॉक्सेलचे केंद्र आत आहे का, एवढेच पाहणारी पद्धत त्या गाळून टाकते. वारा किंवा पूर यांच्या गणनेसाठी त्या हव्या असतील, तर पृष्ठभाग स्पर्श करतो ते सर्व व्हॉक्सेल वेगळ्याने भरावेत. मात्र या पद्धतीत अरुंद गल्ल्या बुजतात, ही तिची खोड आहे.

शहराचे तुकडे पाडून काम करताना प्रत्येक तुकड्याचा ग्रिड त्याच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून सुरू केल्यास सांध्यांवर फटी पडतात. आरंभबिंदू सर्वांसाठी एकच असावा. एका व्हॉक्सेलमध्ये भिंत, छत आणि जमीन एकत्र आल्यास कोणते लेबल टिकावे, याचा क्रमही आधी ठरवावा. अन्यथा फाइलमध्ये शेवटी आलेली वस्तू जिंकते.

शेवटी प्रत्येक इमारतीच्या भरीव व्हॉक्सेलचे एकूण घनफळ तिच्या पायाचे क्षेत्रफळ गुणिले सरासरी उंची याच्याशी ताडून पाहावे. घनफळ शून्याजवळ आले, तर आतला भाग भरलेलाच नाही; अनेक पट आले, तर पट्टी सुटली आहे. थोडासा फरक मात्र कडांवरील गोळाबेरजेचा असतो आणि आकार निम्मा केल्यास तो घटतो.