जेवणानंतरच्या सत्रात हॅरॉल्ड पिंटर सांगायचा असेल तर

कडोली घ्या, उचगाव घ्या, येळ्ळूर घ्या. आपल्याकडच्या साहित्य संमेलनांत कथाकथनाचं सत्र बहुतेक जेवणानंतर येतं. मंडपात ऊन शिरलेलं असतं, पोटात भात असतो, पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीत हळूहळू घसरत असतात. अशा वेळी इंग्रज नाटककाराचं चरित्र सांगणं म्हणजे अंगाई म्हणणं, असं मला बऱ्याच हितचिंतकांनी सांगून झालंय. मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या शाळेत मराठी शिकवते आणि हॅरॉल्ड पिंटर वीस मिनिटांत सांगते. लोक ऐकतात. तुम्हालाही सांगायचा असेल तर असा सांगा.

जन्मापासून सुरुवात करू नका. १० ऑक्टोबर १९३० रोजी पूर्व लंडनच्या हॅकनी भागात एका शिंप्याच्या घरी तो जन्मला, हे खरंच आहे. पण सनावळीनं सुरुवात केलीत की लोक चहाच्या पातेल्याकडे बघायला लागतात.

सुरुवात करा एका गुरुवारच्या दुपारच्या खेळापासून. मे १९५८. लंडनमधलं हॅमरस्मिथचं लिरिक थिएटर, नाटक ‘द बर्थडे पार्टी’. लंडनच्या बहुतेक समीक्षकांनी ते झोडपलंय. सत्तावीस वर्षांचा लेखक जरा उशिरा पोचतो आणि बाल्कनीकडे निघतो. जागा दाखवणारी बाई त्याला अडवते. तो म्हणतो, मी या नाटकाचा लेखक. बाईचे डोळे पाणावतात. या बाईला खुशाल आपल्या बोलीत बोलू द्या: “तुम्ही व्हय? अरे देवा, बिचारं पोर! बाल्कनी बंद हाय बघा आज. पण जावा की आत, बसा जावा.” आत जाऊन तो खाली बघतो तर प्रेक्षक सहा. त्या खेळाचा गल्ला दोन पाउंड सहा शिलिंग.

इथं थांबा. पाउंडाचे रुपये करत बसू नका. गावच्या यात्रेतल्या नाटकात तोंडाला रंग लावलेला कुणी ना कुणी मंडपात असतोच. तो आधी हसतो, मग शेजारच्याच्या कानाला लागतो. तिथून पुढं मंडप तुमचा.

आता मागं जा, आणि त्याला नट म्हणूनच सांगा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पिंटरवर बोलणारे बहुतेक लोक त्याच्या नाटकांचा अर्थ सांगत बसतात आणि मंडप झोपतो. नटाचं आयुष्य मात्र कुणालाही कळतं. शाळेत जोसेफ ब्रिअर्ली नावाच्या इंग्रजीच्या मास्तरांनी त्याला मॅकबेथ करायला लावलं. (शिक्षक बसलेले असतील तर हे वाक्य त्यांच्याकडे बघून म्हणा.) पुढं नाट्यशाळेत गेला, तिथं जीव रमला नाही, सोडून दिली. अॅन्यू मॅकमास्टरच्या कंपनीबरोबर आयर्लंडमध्ये गावोगाव शेक्सपिअर करत हिंडला. मग डेव्हिड बॅरन असं नाव लावून इंग्लंडभर कामं केली: रात्री या आठवड्याचं नाटक, दिवसा पुढच्या आठवड्याची तालीम, राहायला भाड्याची खोली. १९५४ मध्ये ईस्टबोर्नला अशीच एक गलिच्छ खोली त्याच्या वाट्याला आली, आणि ‘द बर्थडे पार्टी’चं बी तिथं पडलं. नाटक कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावावं लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

आता शाल. १९५३ च्या सुमारास पिंटर डोनल्ड वुल्फिट या बड्या नटाच्या कंपनीत लहानसहान कामं करत होता. ईडिपसच्या नाटकात वुल्फिट उंचावर, प्रेक्षकांकडे पाठ करून, अंगाभोवती झगा लपेटून उभा असे. खालच्या नटाचं भाषण संपे. आता हा वळणार, हे सगळ्यांना माहीत. पण वळत नसे. पोटात कालवाकालव होईपर्यंत तो तो क्षण ताणून धरी, आणि मग झगा सपकन फिरवून वळे. पिंटरनं हे वर्णन पुढं आयुष्यभर जपलं. हे करून दाखवा. साधी सोलापुरी चादर चालते. रेशमी शाल घसरते आणि आवाजही करत नाही. पाठ करा, मनात पाचपर्यंत मोजा, मग वळा. घरी पाच म्हणजे काहीच वाटत नाही, मंडपात पाच फार लांब असतात. घाबरून तिसऱ्यालाच वळलात तर मजा गेली.

या थांबण्यावरच पिंटरचं पुढचं लेखन उभं आहे. संहितेत तो तीन टिंबं (जरासं अडखळणं) वेगळी लिहितो, ‘पॉज’ (थांबणं) वेगळा आणि ‘सायलेन्स’ (पुरती शांतता) वेगळा. दिग्दर्शक पीटर हॉलनी तर निव्वळ टिंबं आणि पॉज यांचीच तालीम घेतली होती. श्रोत्यांना ही व्याख्या सांगू नका. शाल फिरवलीत की ती सांगून झालेली असते.

पण माईकवाल्याला मात्र आधीच सांगून ठेवा! तुम्ही गप्प झालात की त्याला वाटतं माईक गेला. तो वायर हलवत स्टेजवर येतो आणि “हॅलो, हॅलो, चेक” करून जातो. सूत्रसंचालकांना वाटतं तुमचं संपलं, ते आभाराला उठतात. दोघांना सत्राआधी बाजूला घेऊन “मी मध्ये गप्प बसणार आहे, कुणी हलायचं नाही” एवढं बजावा. पोडियमचा माईक नको, उभा स्टँड मागा; पोडियममागून शाल दिसत नाही.

साधारण पंधराव्या मिनिटाला पुन्हा १९५८ मध्ये या. नाटक आठ खेळांत, शनिवारी बंद पडलं. दुसऱ्या दिवशी, २५ मे रोजी, ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरॉल्ड हॉब्सन यांचं परीक्षण आलं: लंडनच्या रंगभूमीवरची सगळ्यात अस्सल, अस्वस्थ करणारी प्रतिभा या माणसाकडे आहे, अशा अर्थाचं. एका दिवसाचा उशीर. घरात बायको आणि काही महिन्यांचं मूल. हे वाक्य हळू म्हणा, रडवेलं म्हणू नका.

पुढचं भराभर. १९६० मध्ये ‘द केअरटेकर’, लंडनमध्ये ४४४ प्रयोग. त्यात मिकची भूमिका काही आठवडे त्यानं स्वतः केली. २००५ मध्ये नोबेल. तोवर कर्करोगानं शरीर पोखरलेलं. पहिलं लग्न मोडणं, दुसरं लग्न, त्याचं राजकारण हे मी गाळते. राजकारण तर नक्कीच. सीमाभागात मंडपात त्यातला एक शब्द पडला की लोक आपापल्या जखमेकडे वळतात. त्यांचं चुकत नाही, पण मग पिंटर बाजूला राहतो.

शेवट नोबेलवर करू नका, शेवट २००६ वर करा. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये मोजके प्रयोग, सॅम्युअल बेकेटचं नाटक ‘क्रॅप्स लास्ट टेप’, पिंटर विजेच्या चाकाच्या खुर्चीत बसून भूमिका करतोय. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर २००८ ला, तो गेला. हे खुर्चीवर बसून सांगा, खुर्ची हलवून दाखवू नका.

सत्र संपल्यावर कॉलेजची पोरं विचारतात, याचं काही आम्हाला करता येईल का? पिंटरचंच ‘द डंब वेटर’ हे नाटक सुचवा. दोन पुरुष, एक तळघर, दोन खाटा, तासाभराचं काम. एकच अडचण, भिंतीतून खालीवर होणारी ताटाची लिफ्ट. ती प्लायवूड आणि दोरीत गावचा सुतार करून देतो. प्रयोगाची परवानगी मात्र तालीम सुरू करायच्या आधी काढा.