कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आमच्या घरी झालेल्या या चुका टाळा

मोठ्या वहिनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा चोपड्याकडे कापूस वेचणी ऐन भरात होती. टाके निघाले आणि त्या लगेच शेतात गेल्या. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, आठ दिवसांत हात टम्म सुजला. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातातल्या लसिकेचा (अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाचा) निचरा मंदावतो, मग बारीकशा ओरखड्यातूनही संसर्ग पसरतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या हाताला शक्यतो सुई नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगड्या नकोत. भरताचं वांगं भाजायला दुसरा हात वापरा. हात अचानक लाल, गरम झाला किंवा ताप आला तर हळदीचा लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण जपायचा म्हणजे गळ्यात बांधून ठेवायचा नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी तेच केलं आणि त्यांचा खांदाच आखडला. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्यासारखे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा.

“गाठ निघाली, सुटलो” म्हणून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आणायचं टाळू नका. केमो द्यायची की शेक (रेडिएशन), हे त्यावरच ठरतं.

पैशाच्या बाबतीत आम्ही साफ उलटं केलं. आधी बिल भरलं, मग रेशनकार्ड दाखवलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर पावत्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही. योजनेतल्या दवाखान्यात भरती होतानाच आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या माणसाला) गाठा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं असेल, तर ते भरती होण्याआधीच जुळवून घ्या. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचे रुग्णही येतात, अर्ज तहसीलला द्यायचा. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१,००० रुपये. एवढ्यात कुणाचं घर चालतं, देव जाणे!

जळगाव-भुसावळहून उपचारासाठी मुंबईला जाताना पूर्ण तिकीट काढू नका. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी दवाखान्याकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला भरून घ्या आणि तिकीट खिडकीवरच काढा. आम्ही तीन फेऱ्या पूर्ण भाड्याने केल्या, चौथ्या वेळी डब्यातल्या एका पेशंटच्या मुलाने हे सांगितलं.