लसीचे बिल वाचावे कसे? कुत्र्या-मांजरांची तपासणी फी आणि लसीकरणाचा खर्च

पहिल्यांदा कुत्रे किंवा मांजर पाळणारा माणूस दवाखान्यात फोन करून बहुधा एकच प्रश्न विचारतो, "लस कितीला?" एका दवाखान्यातून आठशे असे उत्तर येते, पलीकडच्या गल्लीतून हजार, आणि मग आठशेवाला स्वस्त ठरवून आपण पिल्लू टोपलीत घालून निघतो. आमच्या घरी कुत्रीचे पिल्लू आले तेव्हा मीही हेच केले. हातात पडलेल्या बिलावर 'व्हॅक्सिनेशन' एवढा एकच शब्द आणि फोनवर सांगितलेल्या रकमेच्या दीडपट आकडा होता. विचारल्यावर कळले की आठशे ही फक्त लसीची किंमत होती आणि तपासणीची फी वेगळी होती, जी प्रत्येक खेपेला लागणार होती. दवाखान्याने फसवले असे म्हणता येणार नाही, कारण मी विचारले होते तेवढ्याचेच उत्तर मला मिळाले होते.

म्हणून फोनवरच तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: तपासणीची फी किती, लसीची किंमत किती, आणि लसीच्या पुढच्या खेपांना तपासणी फी पुन्हा लागते का. काही ठिकाणी लस टोचण्याचेही वेगळे पैसे घेतात. शिवणावळ, दळणावळ या चालीवर याला टोचणावळ म्हणायला हरकत नाही. तीही विचारून घ्यावी.

उत्तरे मिळाली की एका खेपेचा नव्हे, तर पहिल्या पूर्ण वर्षाचा हिशेब मांडावा. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण आठ, बारा आणि सोळा आठवड्यांच्या वयात संयुक्त लसीच्या (म्हणजे अनेक आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) तीन मात्रा आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची एक मात्रा असे वेळापत्रक धरू. समजा, एका दवाखान्यात तपासणी फी 400, संयुक्त लस 800 आणि रेबीजची लस 300 रुपये आहे, आणि फी प्रत्येक खेपेला लागते. रेबीजची लस बाराव्या आठवड्याच्या खेपेतच दिली तर तीन खेपांचे 3,900 रुपये होतात. तिच्यासाठी वेगळे बोलावले तर चौथ्या फीसह 4,300. दुसऱ्या दवाखान्यात संयुक्त लस तपासणीसह 1,000 रुपयांना आणि रेबीजची 300 ला असेल, तर एकूण 3,300 होतात. फोनवर महाग वाटलेला दवाखाना वर्षाअखेरीस स्वस्त पडतो. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. आपल्या गावचे दर त्यांच्या जागी घालून बघावेत.

आता तपासणी फी. "लसच तर टोचायची आहे, तपासायचे काय त्यात?" हा प्रश्न स्वाभाविक असला तरी पैसे वाचवण्याची ही जागा नाही. लस निरोगी जनावरालाच द्यायची असते, कारण ताप किंवा जुलाब असलेल्या पिल्लाच्या शरीरात ती नीट काम करीलच असे नसते आणि पुढे काही बिघडले तर दोष आजाराचा की लसीचा हेही उमगत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे 101 ते 102.5 फॅरेनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्तच असते, त्यामुळे अंगाला हात लावून ताप कळत नाही. डॉक्टरांनी वजन केले, थर्मामीटर लावले, हिरड्यांचा रंग पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावला, पोट चाचपले आणि जंताचे औषध कधी दिले ते विचारले, तर फी वसूल झाली असे समजावे. पिल्लू टेबलावर न ठेवताच सुई टोचली गेली आणि बिलात तपासणी फी लागली, तर त्याबद्दल शांतपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

लसीच्या किमतीतला फरक मात्र समजून घेण्यासारखा आहे. कुत्र्याची संयुक्त लस डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिस अशा आजारांवर असते. दवाखान्यात तिला 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात; या आकड्यांत लेप्टोचे प्रकारही एकेक करून मोजलेले असतात, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे लस दुप्पट चांगली असा अर्थ होत नाही. मांजरांची मुख्य लस तीन आजारांवरची असते. कंपनी कोणती, माल आयात केलेला की देशी, यांवर किंमत बदलते. रेबीजची लस एका मात्रेच्या कुपीत मिळते तशी अनेक मात्रांच्या कुपीतही मिळते, आणि मोठ्या कुपीतली मात्रा दवाखान्याला स्वस्त पडते.

लसीची मात्रा वजनावर ठरत नाही, हे आवर्जून लक्षात ठेवावे. दोन किलोच्या पॉमेरेनियनला आणि पन्नास किलोच्या ग्रेट डेनला एकच पूर्ण मात्रा लागते. म्हणून कुत्रे मोठे आहे या कारणाने लसीचे जास्त पैसे कोणी मागितले तर कारण विचारावे, आणि पिल्लू लहान आहे म्हणून अर्धी लस देऊन पैसे वाचवू असे कोणी सुचवले तर सरळ नकार द्यावा. जंताचे औषध मात्र वजनावर असते, तिथे मोठ्या कुत्र्याचे बिल वाढणारच.

लस डोळ्यांदेखत तयार करायला सांगावी. फ्रिजमधून संयुक्त लसीच्या दोन छोट्या कुप्या निघतात. एकीच्या तळाशी पांढरी सुकी वडी असते, दुसरीत द्रव असतो. तो द्रव सिरिंजमध्ये ओढून वडीच्या कुपीत सोडतात, कुपी हलवतात आणि तीच लस टोचतात. मग कुपीवरचे स्टिकर सोलून लसीच्या पुस्तकात चिकटवतात, ज्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते, आणि शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक येतो. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे घरी येऊन लस देणाऱ्या डॉक्टरांकडे बर्फाची पेटी आहे का ते बघावे; घरभेटीची फी जास्त असते ती वेगळीच. पिल्लू विकणाऱ्याने "दोन लसी झाल्यात" असे सांगितले पण पुस्तकात स्टिकर नसेल, तर त्या झाल्याच नाहीत असे धरून डॉक्टरांशी बोलावे.

मधली एखादी मात्रा गाळून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तोवर ती लसीला निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक बदलते. एवढ्यासाठीच मात्रा पुन्हा पुन्हा देतात, आणि जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर पडली पाहिजे. पार्वो झालेल्या पिल्लाला दिवसेंदिवस सलाईनवर ठेवावे लागते, आणि त्या बिलापुढे गाळलेल्या लसीची बचत नगण्य ठरते.

खर्च कमी करायची रास्त जागा वयाने मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत आहे. त्याच सूचनांप्रमाणे डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस यांच्या लसी पहिली मालिका आणि तिच्यानंतरची बूस्टर मात्रा झाल्यावर तीन वर्षांतून एकदाहून जास्त वेळा देण्याची गरज नसते. लेप्टोचे संरक्षण मात्र वर्षभरच धरावे लागते, आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या, उंदरांचा सुळसुळाट असलेल्या मुंबईत किंवा कोकणात ती लस टाळणे शहाणपणाचे नाही. तेव्हा "यंदा पूर्ण संयुक्त लस लागेल, की फक्त लेप्टो आणि रेबीज पुरे?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे. रेबीजची लस आपल्याकडे दरवर्षी देण्याची पद्धत आहे आणि ती चुकवू नये. मुंबई-पुण्यात महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढतानाही तिचे प्रमाणपत्र मागतात.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर पशुसंवर्धन खात्याचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, जिथे नाममात्र शुल्कात तपासणी होते. मात्र संयुक्त लस तिथे असेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक ठिकाणी रेबीजची मोफत शिबिरे भरतात. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजेच जुन्या मुंबईकरांचे बैलघोड्याचे हॉस्पिटल, धर्मादाय तत्त्वावर चालते. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या मोहिमेत कुत्र्यांना रेबीजची लस मोफत दिली जाते.

बिल हातात आल्यावर शेवटची नजर करावर टाकावी. जनावरांच्या आरोग्यसेवेसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेल्या सेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे तपासणी फीवर तो लावलेला दिसला तर विचारावे. त्याच काउंटरवरून घेतलेला शाम्पू, पट्टा किंवा खाद्य यांवर कर लागतोच, म्हणून त्या वस्तूंचे बिल वेगळे मागावे. पैसे दिल्यावर लगेच निघू नये. वीस-पंचवीस मिनिटे दवाखान्यातच थांबावे, कारण उलट्या किंवा धाप अशी तीव्र ॲलर्जी उद्भवलीच तर ती बहुधा एवढ्याच वेळात दिसते. तेवढ्या वेळात लसीच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून ठेवावा आणि पुढची तारीख मोबाईलमध्ये टाकून घ्यावी.