लहान सराव पाणबुडीचा ट्रिम कसा साधायचा

अमेरिकेच्या नौदलाने १९५३ मध्ये 'मॅकरेल' आणि 'मार्लिन' या दोन छोट्या पाणबुड्या सरावासाठी आणि उपकरणांच्या चाचण्यांसाठी सेवेत घेतल्या. प्रत्येकीचं वजन पाण्यावर सुमारे ३०३ टन, बुडाल्यावर टाक्यांतल्या पाण्यासह ३४७. एवढ्या लहान बोटीत ८० किलोचा माणूस २० मीटर चालत मागे गेला, तरी कलमापकातला बुडबुडा सरकतो. मोठ्या बोटीत खपून जाणारी चूक इथे लगेच दिसते, म्हणून ट्रिम, म्हणजे बुडालेल्या बोटीचं वजन आणि पुढे-मागे होणारा कल यांचा समतोल, शिकावा तर इथेच.

धक्क्यावरच हिशेब करा. इंधन, गोडं पाणी, शिधा, माणसं, चाचणीची यंत्रं: प्रत्येकाचं वजन आणि बोटीच्या मध्यापासूनचं अंतर मांडा. मग पाण्याची घनता मोजा. ती लिटरला १.०२५ किलोवरून १.०२० वर आली, तर ३४७ टनी बोटीला पाण्याकडून मिळणारा सुमारे १.७ टन आधार जातो. तेवढं पाणी ट्रिमच्या टाक्यांतून (समतोल साधायला पाणी कमी-जास्त करायच्या टाक्या) बाहेर टाकावं लागतं. पावसाळ्यात आपल्या खाड्यांच्या तोंडाशी घनता अशीच घसरते.

बुडी मारल्यावर पेरिस्कोपच्या खोलीवर, म्हणजे पेरिस्कोप पाण्याबाहेर काढता येईल इतक्याच खाली, थांबा आणि वेग दोन-तीन नॉटवर (ताशी सागरी मैल) आणा. बोटीला वर-खाली वळवणाऱ्या बाहेरच्या आडव्या पंखांचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. चार नॉटचे दोन केले की तो चौथाईवर येतो आणि लपलेली चूक उघडी पडते. खोली टिकवायला पंख सतत वर धरावे लागत असतील, तर बोट जड आहे.

आधी एकूण वजन, मग कल. हा क्रम मोडू नका. उलट केलंत तर तीच टाकी दोनदा हलवावी लागते. वजनासाठी बोटीच्या मध्याजवळच्या टाकीतून २०० लिटर काढा किंवा भरा, बोट स्थिरावू द्या, मगच पुढचा हप्ता. नवशिके इथेच घाई करतात. पहिल्या पंपाचा परिणाम दिसण्याआधीच दुसऱ्यांदा पंप चालू होतो आणि बोट हेलकावे घेत राहते. कलासाठी पाणी बाहेर टाकायचं नाही, पुढच्या टाकीतून मागच्या टाकीत किंवा उलट न्यायचं.

पेरिस्कोपच्या खोलीवर हलकी वाटलेली बोट खाली जाताच जड झाली, तर बॅलास्ट टाकीत (बुडण्यासाठी पाण्याने भरायची मोठी टाकी) हवा अडकलेली असू शकते. दाब वाढला की ती आक्रसते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. अशा वेळी बोट वर हलकी वाटते म्हणून ट्रिमच्या टाक्यांत पाणी घेऊ नका. वरच्या झडपा पुन्हा उघडून हवा सोडा, झडपा बंद करा आणि ट्रिम पहिल्यापासून पाहा. तोवर सगळ्यांना आपापल्या जागी बसवून ठेवा.