मिल्कवीडची पेरणी: बियांना आधी ओली थंडी, मग माती

मिल्कवीड म्हणजे ज्याची पानं खाऊन मोनार्क फुलपाखराच्या अळ्या वाढतात ते झाड. थंडी सरायला दीड-दोन महिने उरले की त्याचं बी फ्रिजमध्ये जायला हवं. पुष्कळ जण ऊन तापल्यावर पाकीट आणतात, त्याच दिवशी कुंडीत पेरतात, महिनाभर पाणी घालतात आणि शेवटी बियाणं बोगस निघालं असं ठरवून मोकळे होतात. बियाणं बहुधा ठणठणीत असतं, त्याला फक्त हिवाळा मिळालेला नसतो.

थंड प्रदेशातल्या मिल्कवीडचं बी शरदात जमिनीवर पडतं. ते तेव्हाच उगवलं तर कोवळं रोप पहिल्या हिमातच जळून जाईल. म्हणून काही आठवडे ओल्या थंडीत काढल्याशिवाय त्याची सुप्तावस्था मोडत नाही. ओल आणि थंडी दोन्ही एकत्र लागतात. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवल्याने बी टिकतं, पण उगवायला तयार होत नाही.

कोणती जात घ्यावी

मिल्कवीडच्या ॲस्क्लेपियस वंशात शंभराहून जास्त जाती आहेत, पण बागेसाठी निवड तीन-चार जातींतच होते. कॉमन मिल्कवीड म्हणजे ॲस्क्लेपियस सिरियाका ही मोनार्कच्या अळ्यांची आवडती, चिवट आणि उंच. मात्र ती जमिनीखालून आडव्या खोडांनी पसरते आणि दोन-तीन वर्षांत वाफा सोडून वाटेवर उगवते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तिला आक्रमक परक्या जातींच्या यादीत टाकलं, त्यामुळे तिथे ती विकायला आणि लावायला बंदी आहे. छोट्या बागेत मी तरी ती लावू नका असंच सांगेन.

जमीन भारी, चिकण आणि ओल धरणारी असेल तर स्वॅम्प मिल्कवीड घ्या. ती झुबक्याने वाढते, पसरत नाही आणि बियांपासून रोप करायला सगळ्यांत सोपी आहे. जमीन हलकी, मुरमाड, उत्तम निचऱ्याची असेल तर नारिंगी फुलांची बटरफ्लाय वीड. तिला खोल सोटमूळ असतं, पाणी साचलं की ते कुजतं. बाकी मिल्कवीडसारखा पांढरा चीक तिच्यात नसतो. जिथे हिवाळा कडक नाही तिथे हळदीकुंकू, म्हणजे लाल-पिवळ्या फुलांचं ॲस्क्लेपियस क्युरासाविका, येतं. त्याबद्दल पुढे.

कोणतीही जात निवडली तरी आपल्या भागात मुळात उगवणारी असेल तर तिलाच पहिला मान द्या.

फ्रिजमधला हिवाळा

पेपर नॅपकिन ओला करून घट्ट पिळा. हातात दाबल्यावर थेंब गळता कामा नये. त्यावर बिया सुट्या पसरून घडी घाला, झिपच्या पिशवीत ठेवा, वर जातीचं नाव आणि तारीख लिहा. पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. तापमान साधारण ४ अंश सेल्सिअस असावं. बहुतेक जातींना तीस दिवस पुरतात, हट्टी बियांना सहा आठवडे द्या. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बघा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर बिया वाहत्या पाण्यात धुऊन नव्या कागदात ठेवा. कागद कोरडा पडला तर पाण्याचा हलका शिडकावा करा.

हा खटाटोप नको असेल तर शरदाच्या शेवटी थेट वाफ्यात पेरा, हिवाळा आपोआप मिळतो. पण पक्षी, उंदीर आणि वाहतं पाणी यांचा वाटा काढावा लागतो, म्हणून बी दाट टाका. बी मोजकंच असेल तर फ्रिजच बरा.

पेरणी आणि रोपं

सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून उथळ ट्रे टाळा. खोल कप्प्यांचा ट्रे किंवा उंच कुंड्या घ्या. भुसभुशीत मिश्रणात बी पाऊण सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. एका कप्प्यात दोन बिया टाका, नंतर अशक्त रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. माती २१ ते २७ अंश उबदार राहिली तर दहा-पंधरा दिवसांत उगवण सुरू होते. ती एकसारखी होत नाही. काही बिया आठवडाभर मागे राहतात, घाईने ट्रे रिकामा करू नका.

या टप्प्यावर रोपं जातात ती बहुतेक मर रोगाने. जमिनीलगत देठ बारीक होऊन काळवंडतो आणि रोप आडवं पडतं. वरून पाणी मारणं थांबवा, ट्रेखालच्या तसराळ्यात पाणी घालून ते खालून शोषू द्या, पृष्ठभाग वाळला की मगच पुन्हा. हवा खेळती ठेवा. रोपं लांबलचक आणि फिकट होऊ लागली तर उजेड कमी पडतोय.

रोप आठ-दहा सेंटिमीटरचं झालं आणि हिमाची भीती टळली की आठ-दहा दिवस रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून ते कणखर करा. मग किमान सहा तास ऊन लागेल अशा जागी ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर लावा. लावणीनंतर पानं पिवळी पडून गळतात, हे बघून घाबरू नका. मूळ धरलं की खालून नवी फूट येते. खताचा मारा नको.

पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत तर त्यात नवल नाही. बटरफ्लाय वीडला दोन-तीन वर्षंही लागतात.

किती रोपं लावावीत? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातला 'मोनार्क वॉच' हा उपक्रम किमान दहा रोपं आणि तीही दोन किंवा जास्त जातींची लावायला सांगतो. हा आकडा मला रास्त वाटतो. एकट्या कोवळ्या रोपावर चार अळ्या आल्या तर दोन दिवसांत नुसत्या काड्या उरतात. शिवाय कॉमन मिल्कवीडसारख्या जातीत स्वतःच्याच परागाने फळ सहसा धरत नाही, त्यामुळे एकाच झाडाकडून बोंडांची अपेक्षा ठेवू नये.

पानं कुरतडलेली दिसली की

बागेत हे झाड लावायचं ते पानं खाल्ली जावीत म्हणूनच. मध अनेक फुलांत मिळतो. झिनिया, ॲस्टर, कॉसमॉस शेजारी लावलेत तर प्रौढ फुलपाखरं तिथेही रमतील. पण मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय जगत नाही.

मादी पानाच्या खालच्या बाजूला बहुधा एकेकच अंडं घालते. ते टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळसर आणि उभ्या रेघांचं असतं. भिंग घेतलं तर रेघा स्पष्ट दिसतात. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी अंड्याचं कवच खाते. मग ती पानावर गोलाकार चर खणते. त्या चरापाशी चिकाच्या नळ्या तुटतात आणि आतल्या चकतीत चीक पोहोचत नाही. ती चकती ती निवांत खाते. मोठी अळी तर पानाचा देठच अर्धा कुरतडते. पान लटकलं, चीक थांबला की जेवण सुरू. लटकलेली पानं दिसली तर रोगाचं औषध शोधण्याआधी देठ तपासा. साधारण दोन आठवड्यांत अळी पूर्ण वाढते आणि कोष करायला बहुधा झाडापासून दूर निघून जाते. अळ्या अचानक गायब झाल्या म्हणजे पक्ष्यांनीच नेल्या असं नाही.

पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा शेंड्यांवर येणारच. तो नरांशिवाय, थेट पिल्लं घालत वाढतो, त्यामुळे आठवड्यात शेंडा भरून जातो. आधी अंडी-अळ्या बघून घ्या, मग शेंडा हातात धरून पाण्याच्या धारेने मावा पाडा किंवा बोटांनी चिरडा. साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल, बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) यांतलं काहीही या झाडावर मारू नका. 'सेंद्रिय' असलं तरी अळी मरते. रोप विकत घेत असाल तर त्यावर निओनिकोटिनॉइड गटातलं आंतरप्रवाही कीटकनाशक वापरलंय का हे आधी विचारा. ते पानात उतरतं आणि नंतर धुऊन जात नाही.

तुमच्यासाठी सावधगिरी चिकाची. झाडात हृदयावर परिणाम करणारी विषारी ग्लायकोसाइड्स असतात. अळी ती अंगात साठवते आणि त्यामुळेच पक्षी पुढे या फुलपाखरांच्या वाटेला जाताना बिचकतात. जनावरांच्या चाऱ्यात मिल्कवीड मिसळू देऊ नका. छाटणी हातमोजे घालून करा. चीक लागलेला हात डोळ्याला गेला तर बुबुळाला सूज येऊन दिसणं धूसर होऊ शकतं. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

उष्ण प्रदेशासाठी

हळदीकुंकू किंवा रुई लावणार असाल तर फ्रिज विसरा. माती उबदार आणि ओलसर असली की बी उगवतं आणि हळदीकुंकवाला पहिल्याच वर्षी फुलं येतात. या दोन्हींवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. मात्र जिथून मोनार्कचं स्थलांतर होतं अशा भागात हिवाळाभर हिरवं राहणारं हळदीकुंकू त्रासाचं ठरतं. ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू पानांवर साठत जातात, अळ्या ते खातात आणि फुलपाखरं चुरगळलेल्या पंखांनी बाहेर येतात. तिथे शरदात झाड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर छाटा, आणि हिवाळ्यात नवी फूट आली की पुन्हा.

पुढच्या वर्षीचं बी

बोंड हिरवं असताना तोडू नका. शिवणीवर अंगठ्याने हलकं दाबल्यावर ते उकललं आणि आत बिया तपकिरी दिसल्या की समजा तयार. म्हातारी उडायच्या आत, मोकळ्या टोकाकडून रेशीम चिमटीत घट्ट धरून बिया ओरबाडून काढा. रेशीम पसरलं की ते काम घरभर होतं. बिया सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात कोरड्या, थंड जागी ठेवा.

बटरफ्लाय वीड वसंतात सगळ्यांच्या मागून फुटते. तोवर जागा मोकळी समजून तिथे कुदळ पडते, म्हणून शरदातच बुंध्याशी एक खुंटी ठोकून ठेवा.