अळ्या मोजायला निघताय? आधी भाजक

पब्लिक हेल्थ मायनरचा (दुय्यम विषयाचा) फील्ड प्रोजेक्ट म्हणून डासांच्या अळ्यांचं सर्वेक्षण घेतलं असेल, तर ते पावसाळ्यात किंवा लगेच नंतर उरका. बूट, पाणी, ओळखपत्र हे सांगायला नको. कॉलेजचं पत्र आणि वॉर्ड ऑफिसची परवानगी दोन्ही लेखी हवीत. सोसायटीच्या सेक्रेटरीला आदल्या दिवशी फोन करा, नाहीतर वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. वस्तीत आशाताई सोबत असल्या की दारं उघडतात.

आता फॉर्म. गेल्या वेळी आम्ही अळ्या सापडल्या तेवढंच लिहिलं आणि सगळा डेटा वाया गेला. म्हणून ज्या घरात काहीच सापडलं नाही, तेही घर लिहा. ज्या भांड्यात पाणी आहे पण अळी नाही, तेही भांडं लिहा. १०० घरं तपासली, १२ घरांत अळ्या निघाल्या, तर हाउस इंडेक्स (दर १०० घरांमागे अळ्यांची घरं) १२. त्या घरांतली अळ्यांची भांडी १८, तर ब्रेटू इंडेक्स (दर १०० घरांमागे अळ्यांची भांडी) १८. पाण्याची एकूण भांडी ३०० असतील, तर कंटेनर इंडेक्स (पाण्याच्या दर १०० भांड्यांमागे अळ्यांची भांडी) ६. यातला १०० किंवा ३०० हा आकडा, म्हणजे भाजक, नसेल तर उरलेल्याचं करणार काय? कुलूपबंद घरं वेगळ्या रकान्यात; ती भाजकात धरायची नाहीत, पण नोंद हवीच.

टॉर्च, ओगराळं, पांढरा ट्रे, ड्रॉपर. पिंपात लगेच ओगराळं बुडवू नका. सावली पडली की अळ्या तळाशी जातात, मिनिटभर थांबा. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर बघाच. अळी पाण्याला समांतर पडलेली दिसली तर ती अ‍ॅनाफिलीसची, तिरकी लटकलेली असेल तर एडिस किंवा क्युलेक्स; ही तिन्ही डासांच्या प्रकारांची नावं. त्या दोघींत एडिसची शेपटाकडची श्वासनळी आखूड आणि जाड. बघून झालं की घरच्यांना सांगूनच पाणी ओता. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळायचा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवायची, एवढं त्यांना सांगा.

आधी दहा घरांत फॉर्म वापरून बघा. ही घरं मुख्य आकड्यांत मिसळू नका. कुणाचं नाव नको, घराला क्रमांक द्या. नोंदी त्याच रात्री एक्सेलमध्ये. रिपोर्ट, तक्ते वगैरे नंतर बघू.

आणि छापायला देण्याआधी फॉर्म परत उघडा. ‘तपासलेली एकूण घरं’, ‘पाण्याची एकूण भांडी’ हे दोन रकाने आहेत का?